ज्युलियसला कोण जिंकू देतं?

आज बोलायचंय ते आयरिस मर्डॉक यांच्या ‘अ फेअरली ऑनरेबल डिफीट’ या १९७० सालच्या कादंबरीबद्दल. मर्डॉकबाईंनी ऑक्सफर्डला पंधरा वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. ‘द सॉव्हरिन्टी ऑफ गुड’ हे त्यांचं नीतिविचाराचं पुस्तकही त्याच वर्षी आलं.

लंडनमध्ये रुपर्ट आणि हिल्डा यांचा वीस वर्षांचा सुखी संसार. रुपर्ट सरकारी अधिकारी. कित्येक वर्षं नीतीवर ग्रंथ लिहितोय. हिल्डाची बहीण मॉर्गन अमेरिकेहून परतते. पाठोपाठ तिचा पूर्वीचा प्रियकर ज्युलियस येतो. कुठलीही जोडी फोडता येते, अशी तो पैज लावतो. जुनी प्रेमपत्रं चोरून काही मॉर्गनकडे, काही रुपर्टकडे पोचवतो. दोघांनाही वाटतं, समोरचं माणूस आपल्या प्रेमात पडलंय.

पत्रांची ही अदलाबदल नाटकी आहे, मान्य. ज्युलियसला सैतान ठरवून आपण मोकळेही होऊ शकतो. पण जरा थांबा. कारस्थान त्याचं, गप्प राहणं मात्र रुपर्टचं. बायकोला एक शब्द विचारला असता, तर डाव तिथंच संपला असता. का नाही विचारत? कारण त्याला वाटतं, आपण शहाणे आहोत, कुणालाही न दुखावता हे निस्तरू. याला मी प्रेम म्हणणार नाही. ही स्वतःच्या चांगुलपणाची हौस झाली. शेवटी तो घरच्याच पोहण्याच्या तलावात बुडून मरतो.

आता रुपर्टचा भाऊ सायमन आणि त्याचा जोडीदार अ‍ॅक्सल यांच्याकडे बघा. इंग्लंडमध्ये समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का १९६७ साली, तोही अंशतःच, पुसला गेला होता. ज्युलियस त्यांच्यावरही जाळं टाकतो. सायमन भित्रा, गोष्टी लपवणारा. पण अखेर तो अ‍ॅक्सलला सगळं सांगून टाकतो, आणि ती जोडी तगते.

मॉर्गनचा नवरा टॅलिस तर पसाऱ्यात राहणारा, हरलेला माणूस. त्याच्याकडे सिद्धांत नाही. पण सत्य कळताक्षणी तो ज्युलियसला हिल्डाला फोन करायला लावतो. उशीर झालेला असतो, तरी करायला हवं ते तो करतो.

मी आयुष्यभर नीतिशास्त्र शिकवलं, म्हणून रुपर्ट मला टोचतो. चांगुलपणावर तासभर बोलता येणं वेगळं आणि घरी जाऊन अडचणीची एक गोष्ट बायकोला सांगता येणं वेगळं. पहिलं मला जमतं, एवढं खात्रीनं सांगतो.