गफूरची मोटार आणि जगद्दल

यंत्र आणि माणूस यांच्या नात्याचा विचार मराठी समीक्षेने बहुधा गिरणी आणि रेल्वे या दोन प्रतिमांच्या आधाराने केला आहे. मर्ढेकरांच्या कवितेतील यंत्रयुग असो वा नारायण सुर्वे यांच्या कवितेतील कामगारवस्ती असो, यंत्र तेथे येते ते समूहाला जुंपणारी शक्ती म्हणून. मोटारगाडी मात्र या विचाराच्या कक्षेबाहेर राहिली. श्रीमंताची चैन किंवा विनोदी कथेतले हमखास हशा पिकवणारे खटारे, एवढ्यावर तिची बोळवण झाली. वास्तविक गिरणीतले यंत्र ते चालवणाऱ्याचे कधीच नसते. मोटार मात्र एका माणसाची असू शकते. तिला नाव ठेवता येते, तिच्यावर रुसता येते, तिच्या दुखण्याखुपण्यावर मिळकत उधळता येते. बोली मराठीत गाडीची 'तब्येत' विचारतात, चढणीवर ती 'दम टाकते', तिचे इंजिन 'बांधायला काढतात'. भाषेने केव्हाच मान्य केलेल्या या नात्याकडे साहित्यविचाराने वळून पाहिले नाही, इतकेच.

जुन्या मोटारींवरील प्रेमाचा विचार करू लागताच म्हैसूर शहर समोर येते. वडेयर राजघराण्याच्या रोल्स-रॉइस गाड्यांची कथा मोटारशौकिनांच्या वर्तुळात आजही चवीने सांगितली जाते. म्हैसूरचे महाराज या गाड्या एकेक करून न घेता सात-सातच्या संचाने मागवीत, आणि त्यावरून मोठी खरेदी करण्याला त्या कंपनीत 'म्हैसूर करणे' असा वाक्प्रचार पडला होता, अशी ती आख्यायिका. संस्थाने गेली, तनखे गेले, गाड्या पांगल्या. आता बंगळूर-म्हैसूर महामार्गावर श्रीरंगपट्टणाजवळ धर्मस्थळाचे धर्माधिकारी डॉ. वीरेंद्र हेग्गडे यांच्या दीर्घकालीन संग्रहातून 'पयण' हे मोटारींचे संग्रहालय २०२३ साली उभे राहिले आहे. 'पयण' म्हणजे प्रवास. जिथल्या गाड्यांचा प्रवास संपलेला आहे त्या जागेला हे नाव मिळावे, यातला विरोधाभास नाव ठेवणाऱ्यांच्या मनात असेलच असे नाही. खुद्द शहरात रेल्वेचे संग्रहालय १९७९ पासून आहे. आणि यादवगिरी भागात एक दुमजली घर आहे, तेही आता संग्रहालयच झाले आहे: आर. के. नारायण यांचे घर. राजवाड्यातील गाड्यांशी या घराचा काही संबंध नाही. परंतु जुन्या मोटारीचे दुसरे, अधिक खरे चरित्र याच लेखकाच्या लेखनात सापडते.

'द गाइड' ही कादंबरी १९५८ साली प्रसिद्ध झाली आणि १९६० साली साहित्य अकादेमीच्या पुरस्काराने तिचा गौरव झाला. तिच्यावरील टीकालेखनात राजू, रोझी आणि मार्को यांच्याविषयी भरपूर मजकूर आहे. गफूरविषयी जवळजवळ नाही. गफूर हा मालगुडीचा टॅक्सीवाला. बाजारातल्या कारंज्याच्या कठड्यावर बसून तो गिऱ्हाइकाची वाट पाहतो. त्याची गाडी म्हणजे मोडीतून उठवून पुन्हा रस्त्यावर आणलेले धूड. नारायण या गाडीला प्रतीक करीत नाहीत, तिच्यावर भावनेची पुटे चढवीत नाहीत. ती भाड्याच्या घासाघिशीतून, पेट्रोलच्या आणि खराब रस्त्याच्या तक्रारींतून वाचकाला कळत जाते. तरीही राजूच्या उदयाची आणि अधःपाताची पहिली वाट याच गाडीतून निघते. गफूर त्याला सावध करतो, आणि पुढे राजूच्या वाढत्या वैभवात ना गफूर उरतो ना त्याची गाडी. राजूने काय गमावले हे नारायण सांगत नाहीत. कारंज्याजवळचा एक माणूस कथेतून हळूच नाहीसा होतो, एवढेच.

जुन्या यंत्राच्या मालकीविषयी नारायण यांचे सर्वांत मार्मिक लेखन मात्र 'इंजिन ट्रबल' या कथेत आहे. मालगुडीत करमणुकीचा एक तांडा येतो, आणि बडबड्या निवेदकाला सोडतीत बक्षीस लागते ते रस्ते दाबण्याचे वाफेचे इंजिन. काही क्षण तो स्वतःला भाग्यवान समजतो. मग प्रश्न उभा राहतो तो हे धूड हलवायचे कसे. जिमखान्याच्या मैदानावर ते पडून राहते, नगरपालिका महिना दहा रुपये भाडे लावते, गिऱ्हाईक मिळत नाही. शेवटी देवळाचा हत्ती, पन्नास मजूर आणि जोसेफ नावाचा नोकरीवरून काढलेला बसड्रायव्हर अशी फौज जमते. या जोसेफला रोड-रोलरची काहीही माहिती नसते. कोणी ते हलवलेच तर सुकाणू मात्र तो धरू शकतो. परिणाम व्हायचा तोच होतो: एक कुंपणभिंत जमीनदोस्त. पुढे एक योगी ते इंजिन स्वतःच्या छातीवरून चालवून घेण्यास तयार होतो, तर मॅजिस्ट्रेटचा मनाई हुकूम येतो. अखेर भूकंप होतो आणि इंजिन आपोआप सरकत जाऊन शेजारच्या घराच्या विहिरीत बुचासारखे बसते. ती घाणेरडी विहीर बुजवावी म्हणून नगरपालिकेने घरमालकाच्या मागे लकडा लावलेला असतो. त्यामुळे तोच उलट निवेदकाचे आभार मानतो.

ही कथा विनोदी म्हणून वाचली जाते, आणि ती तशी आहेच. परंतु संग्रहाच्या वृत्तीवर इतके नेमके भाष्य क्वचितच झाले असेल. ज्या यंत्राला काम नाही ते कितीही भव्य असो, मालकाला ते जागा अडवणारे ओझे होते. त्याला चालवणारा हवा, इंधन हवे, रस्ता हवा. यांपैकी काहीच नसताना उरते ती केवळ मालकी, आणि नारायण यांनी तिच्या पदरी दरमहा दहा रुपयांचा दंड टाकला आहे.

ज्या वर्षी 'द गाइड' आली त्याच १९५८ साली ऋत्विक घटक यांचा 'अजांत्रिक' हा बंगाली चित्रपट पडद्यावर आला. मूळ कथा सुबोध घोष यांची. छोट्या गावातला टॅक्सीवाला बिमल, आणि त्याची १९२०च्या बनावटीची शेवरले. तिचे नाव जगद्दल, म्हणजे जागचा न हलणारा दगड. या नावातच प्रेम आणि थट्टा एकत्र आहेत, आपल्याकडे लाडक्या पोराला 'दगड्या' म्हणावे तशी. गावाच्या दृष्टीने बिमल वेडा आहे. घटकांचे वैशिष्ट्य असे, की ते हे वेड समजावून सांगत नाहीत, प्रेक्षकाला त्यात सामील करून घेतात. रेडिएटरमध्ये पाणी ओतताच तहानलेल्या जनावराने घोट घ्यावेत तसा आवाज होतो. दिवे डोळ्यांसारखे वळतात. ध्वनीच्या या योजनेमुळे गाडीचे सजीवपण हे पात्राचे मत राहत नाही, ते चित्रपटाचे वास्तव बनते. अंगी आणलेले मानुषीकरण आणि अनुभवातून उगवलेले मानुषीकरण यांतला भेद शिकवायचा असेल तर अभ्यासकाने हा चित्रपट अवश्य पाहावा.

परंतु 'अजांत्रिक'चे मर्म त्याहून खोल आहे. बिमल गाडीवर प्रेम करतो ते तिच्याबरोबर तो राबतो म्हणून. भाड्याचे पैसे तो तिच्या सुट्या भागांवर घालतो. ती बिघडली तर पोट बिघडते. कमाईसाठी त्याला ती हवी आणि कमाई तिच्यासाठीच खर्ची पडते, असा हा संसार आहे. सारे उपाय थकल्यावर जगद्दल मोडली जाते आणि भंगारवाला तिचे तुकडे घेऊन जातो. मग ओळखीचा भोंगा वाजतो. एक लहान मूल फेकून दिलेला तो भोंगा दाबीत असते, आणि बिमलच्या चेहऱ्यावर हसू उमटते. घटकांच्या नंतरच्या चित्रपटांत जी फाळणीची वेदना पिंजून काढलेली दिसते तिच्या तुलनेत हे हसू फार निराळे आहे. त्याला सांत्वन म्हणावे, तर गाडी गेलेलीच आहे. शोक म्हणावा, तर मूल खेळते आहे.

त्याच वर्षीच्या 'चलती का नाम गाडी'विषयी फार लिहिण्याचे कारण नाही. सत्येन बोस यांनी तीन गांगुली बंधूंना गॅरेजात उभे केले, १९२८ची एक शेवरले रस्त्यावर पळवली आणि प्रेक्षकांनी ती डोक्यावर घेतली. एक गोष्ट मात्र नोंदवावी अशी: या चित्रपटातील शृंगाराचा आरंभ बंद पडलेल्या गाडीपासून होतो, आणि मिस्त्रीच्या हातांना लागलेल्या तेलाची त्यात लाज बाळगलेली नाही. पुढच्या काळात हिंदी पडद्यावरच्या नायकाने गाड्या पुष्कळ चालवल्या, दुरुस्त फारशा केल्या नाहीत.

शौकिनांच्या प्रेमाचे चित्र पाहायचे तर १९५३च्या 'जेनेव्हीव' या इंग्रजी चित्रपटाकडे जावे लागते. लंडन ते ब्रायटन ही जुन्या मोटारींची वार्षिक फेरी, तीत दोन गाड्या, १९०४ची एक डॅरॅक आणि एक स्पायकर, आणि त्यांचे हट्टी मालक. परतीच्या वाटेवर शंभर पौंडांची पैज लागते. पैज जिंकण्याच्या ऐन घाईत एक म्हातारा गृहस्थ नायकाला अडवून, आपल्याकडेही तरुणपणी अशीच डॅरॅक होती म्हणून आठवणी सांगू लागतो. नायक चुळबुळतो, आणि शेवटी थांबून ऐकतो. शौकाला माणुसकीची किंमत येथे लाभते. शेवटी जेनेव्हीव स्वतःच पुलावर चार पावले घरंगळत जाते आणि पैज जिंकते. जगद्दलप्रमाणे तीही स्वतःच्या इच्छेने हलते. फरक इतकाच, की ती रविवारची गाडी आहे. तिच्या बिघडण्याने नवरा-बायकोत भांडण होते, घरातली चूल विझत नाही. हा फरक वर्गाचा आहे, आणि जुन्या मोटारीविषयीचे बहुतेक गौरवपर लेखन तो सोयीने विसरते.

'द गाइड'च्या चित्ररूपाची हकीकत येथे आठवणे अप्रस्तुत होणार नाही. १९६५च्या या चित्रपटाविषयीची आपली खंत नारायण यांनी 'मिसगाइडेड गाइड' या लेखात मिस्कीलपणे मांडली आहे. चित्रपटवाल्यांना म्हैसूरचा परिसर हिंडवून दाखवूनही मालगुडीची पाठवणी राजस्थानात झाली. विजय आनंद यांच्या दिग्दर्शनाची आणि सचिनदेव बर्मन यांच्या संगीताची थोरवी मान्य करूनही म्हणावे लागते, की कारंज्याच्या कठड्यावर बसलेल्या टॅक्सीवाल्याचे गाव त्या किल्ल्यांच्या सावलीत हरवले. जुन्या गाडीचे 'रिस्टोरेशन' करताना हेच घडते. ठोकलेले पत्रे बदलतात, दुसऱ्याच कंपनीचा बसवलेला कार्बोरेटर काढतात, रंग कारखान्यातून निघाली त्या दिवसापेक्षाही चकचकीत होतो. गाडी मूळ रूपात येते आणि तिचे मधले सारे आयुष्य पुसले जाते. ते आयुष्य हेच तर तिचे कथानक होते. पाठचिकित्सक जेव्हा नंतरचे सगळे प्रक्षेप काढून शुद्ध संहिता सिद्ध करतो, तेव्हा पिढ्यान् पिढ्यांच्या वाचकांनी त्या संहितेशी केलेला व्यवहारही तो खरडून टाकीत असतो. या दोन कृतींतले साम्य तपासण्याजोगे आहे.

आता या प्रश्नात कायदाही आला आहे. २०२१ साली केंद्र शासनाने 'व्हिंटेज' वाहनांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, महत्त्वाचे फेरफार न झालेली गाडीच त्या संज्ञेला पात्र ठरते; तिला वेगळी पाटी मिळते, आणि प्रदर्शन, फेरी, इंधन भरणे, देखभाल अशा कारणांपलीकडे नित्य किंवा धंद्याच्या वापरासाठी ती रस्त्यावर आणता येत नाही. नियमामागील हेतू जतनाचा आहे यात शंका नाही. पण त्याच्या कसोटीला गफूरची मोटार आणि जगद्दल दोन्ही बाजूंनी नापास होतात. टॅक्सी म्हणून त्या फार जुन्या, आणि वारसा म्हणून फार ठिगळलेल्या.

मुंबईने हा न्याय डोळ्यांदेखत पाहिला. मोटारी भारतात बनाव्यात हा ध्यास सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३०च्या दशकात घेतला. पुण्यात शिकलेला, मुंबई इलाख्यात नोकरी केलेला आणि १९१२ ते १९१८ म्हैसूरचे दिवाणपद भूषविलेला हा अभियंता, आणि सोलापूरचे वालचंद हिराचंद, यांच्या खटपटीची परिणती १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या स्थापनेत झाली. याच वालचंदांनी १९४० साली म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने बंगळुरात विमानांचा कारखाना काढला होता. कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट आणि मग १९७४ पासून 'पद्मिनी' या नावाने जी गाडी बाहेर पडली, तिने काळ्यापिवळ्या रंगात मुंबई वाहिली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये तिचा धंदा संपला. निदान एक तरी गाडी जपून ठेवावी अशी मागणी टॅक्सीवाल्यांतून झाली होती. म्हैसूरजवळ एक संग्रहालय उभे राहिले त्याच वर्षी हे घडले, हा योगायोग टिपून ठेवण्यासारखा आहे. एकीकडे ज्या गाड्या थोडक्यांनी वापरल्या त्यांना छप्पर लाभले. दुसरीकडे ज्या गाडीत लक्षावधी लोक बसले तिला बहुतांशी भंगारवाडा.

कर्नाटकातच या प्रेमाचे एक वेगळे रूप दिसते, आणि त्याला कोणी शौक म्हणत नाही. मुंबईच्या मराठी रंगभूमीवर उमेदवारी केलेले, '२२ जून १८९७' या मराठी चित्रपटाच्या पटकथेत सहभागी असलेले शंकर नाग यांनी दूरदर्शनसाठी 'मालगुडी डेज' दिग्दर्शित केली. पण कर्नाटकातल्या रिक्षावाल्यांनी त्यांना आपलेसे केले ते १९८०च्या 'ऑटो राजा'मुळे. १९९० साली दावणगेरेजवळ मोटार अपघातात त्यांचा अंत झाला. त्यांचे चित्र अजूनही तेथील रिक्षांच्या पाठीवर, रिक्षातळांच्या फलकांवर असते. दर काही वर्षांनी रिक्षा बदलते, चित्र नव्या रिक्षावर पुन्हा काढले जाते. येथे जतन होते ते वाहन चालवणाऱ्याच्या प्रतिष्ठेचे. पत्रा जुना की नवा याची तिथे कोणाला पर्वा नसते.

संग्रहालयातल्या गाडीखालच्या पाटीवर सहसा निर्मात्याचे नाव, वर्ष, इंजिनाची ताकद आणि घरंदाज मालकाचे नाव इतका मजकूर असतो. तिचा ड्रायव्हर कोण, परदेशी सुटे भाग मिळेनासे झाल्यावर लेथवर ते घडवणारा मिस्त्री कोण, हे सांगणारी ओळ बहुधा नसते. साहित्याच्या अभ्यासकाला ती ओळ नारायण आणि घटक यांच्याकडे शोधावी लागते. बिमल आपल्या गाडीचा मालक, चालक आणि मिस्त्री असे तिन्ही आहे, गफूरही तसाच. 'इंजिन ट्रबल'चा निवेदक फक्त मालक आहे, आणि म्हणूनच भूकंप होईपर्यंत त्याची सुटका नाही.