मधोमध प्याला

भगवा रंग त्यागाचा, हे नेसरीकरांना वेगळे सांगावे लागत नाही. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव गुजर आपल्या सहा साथीदारांसह इथे बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले, ती आठवण गावाच्या अंगात मुरली आहे. त्यामुळे ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’, म्हणजे सीएनआयचे बोधचिन्ह इथे परके वाटू नये. त्याचे वर्तुळ भगवे. वर्तुळ अनंताचे, रंग त्यागाचा. त्यावर रुपेरी-पांढरा क्रूस, सोबत कमळ, भोवती ऐक्य, साक्ष आणि सेवा हे तीन शब्द.

कमळ हा भारतीयपणाचा वरवरचा मुलामा आहे, असे कुणाला वाटेल. पण क्रूस आणि कमळाची सोयरीक फार जुनी. चीनमध्ये शिआनला इ. स. ७८१चा शिलास्तंभ आहे, त्यावरही क्रूसाखाली कमळ कोरले आहे.

मला मात्र खरी खुमारी वाटते ती क्रूसाच्या मधोमध असलेल्या प्याल्यात. त्यामागे एकत्र येण्याची कहाणी आहे. कोल्हापुरात १८५२ साली मिशनरी रॉयल वाइल्डर आले. त्यांच्या मिशनची परंपरा पुढे प्रेस्बिटेरियन झाली. अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रदरन, मेथडिस्ट, डिसायपल्स यांच्या वाटा निराळ्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात या सहा परंपरा एक होऊन सीएनआय झाली. बाप्तिस्मा तान्ह्याला द्यावा की जाणत्याला, यावर त्यांचे एकमत नव्हते. सीएनआयने दोन्ही रीती मान्य केल्या. पाण्यापाशी मतभेद राहू दिले, पण प्रभुभोजनाला मेज एकच. हे सारे त्या प्याल्यात वाचता येते. नव्या कराराचा, ख्रिस्ताच्या रक्ताचा तो प्याला. शोभेची वस्तू नव्हे.

वापराचा विवेकही याच रचनेतून कळतो. जागा वाचवायला प्याला गाळला, तर चिन्हाचा प्राणच गेला. छापखान्यात पत्रिकेच्या चौकटीत बसवायला वर्तुळ ताणून लंबगोल करतात. ते तर डोळ्यांत खुपते. एकरंगी रबरी शिक्क्यात भगवा जातो, पण आकृती शाबूत राहते. त्याला माझी हरकत नाही. हे चिन्ह साऱ्या मंडळीचे आहे. म्हणून बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर, मंडळीच्या पत्रावर, चर्चच्या फलकावर ते शोभते. भांडणात एका गटाने आपल्या निवेदनावर ते छापले, तर पहिला शब्द ‘ऐक्य’ तिथेच खोटा पडतो.