पळा, पण टोपली सांभाळा

हिंदी सिनेमातला चोर पोलिसाला पाहून पळाला की तो हमखास रेल्वे स्टेशनातच का शिरतो, हे मला आजवर उमगलेलं नाही. शहरात गल्ल्या असतात, बोळ असतात, सरकारी कचेऱ्या असतात. कचेरीत शिरलेलं माणूस काय, साधा अर्जसुद्धा सहा-सहा महिने कुणाला सापडत नाही! पण नाही. गडी धावतो तो थेट फलाटावर. आणि मग लग्नातल्यासारखे सगळे विधी क्रमाने पार पडतात. आधी हमालाची हातगाडी उलटते. मग चहावाल्याची किटली. मग एखाद्या म्हातारीची टोपली उडते आणि फलाटभर संत्री घरंगळतात. (संत्रीच. पडद्यावर वांगी घरंगळलेली मी पाहिलेली नाहीत.) शेवटी दोघे रुळांवर उड्या टाकतात, नेमकी मधून मालगाडी जाते, आणि शेवटचा डबा गेल्यावर पलीकडे कुणी नसतं. इन्स्पेक्टर टोपी काढून मांडीवर आपटतो. मध्यंतर. आपण समोसे खायला बाहेर.

हे सगळं खोटं असतं, अशी माझी तक्रार नाही. खोट्याचं वावडं असतं तर आम्ही तिकीट कशाला काढलं असतं? तक्रार अशी की फलाट हे आयतं नेपथ्य हाती आलेलं असताना त्यात नाट्य कुठे आहे हेच या मंडळींना दिसत नाही. त्यांना दिसते ती फक्त धावायला लांबलचक फरशी.

माझा एक भाचा मोबाइलवर पाहायच्या मालिका लिहितो. त्याने नव्या मालिकेतल्या पाठलागासाठी मळवली निवडली आणि जागा दाखवायला मला मे महिन्यातल्या एका मंगळवारी तिथे नेलं. मळवली म्हणजे पुण्याहून लोकलने निघालं की लोणावळ्याच्या अलीकडचं स्टेशन. भाज्याच्या लेण्यांना, लोहगड-विसापूरला जाणारे इथे उतरतात.

"मामा, चोर मुंबईहून एक्सप्रेसने येतो आणि इथे उतरतो."

"इथे एक्सप्रेस थांबत नाही."

"मग साखळी ओढतो."

"ओढू दे. पुढे?"

"पुढे गर्दीत मिसळतो."

मी फलाटावर नजर टाकली. गर्दी म्हणजे आम्ही दोघं, बाकावर झोपलेला एक गृहस्थ, करवंदांची टोपली घेऊन बसलेली एक आजीबाई, आणि एक कुत्रं. यांच्यात मिसळायचं तर चोराला कुत्र्याशीच आधी ओळख काढावी लागली असती. बरं, पावसाळ्यातल्या रविवारी यावं, तर धबधब्याखाली भिजायला आलेल्या तरुणाईने फलाट इतका भरलेला असतो की चोर पळूच शकत नाही. तो आणि पोलिस गर्दीबरोबर एकाच वेगाने, एकमेकांना "जरा सरका हो" म्हणत जिन्याकडे ढकलले जातील. लपायचं तर माणसं नाहीत, पळायचं तर जागा नाही!

मालगाडीचंही तसंच. पन्नास-साठ वाघिणींची मालगाडी आडवी आली की ती संपेपर्यंत अलीकडे पोलिस थांबणार आणि पलीकडे, इतकं पळून दम लागलेला असल्यामुळे, चोरही थांबणार. शिवाय हद्दीचा प्रश्न आहेच. फलाटावर लोहमार्ग पोलिस, स्टेशनाबाहेर पुणे ग्रामीण, आणि रेल्वेच्या मालमत्तेला हात लावलात तर रेल्वे सुरक्षा दल. पोलिसाने गुन्हेगाराचा पाठलाग देशभर कुठेही करावा, असं कायदा उदारपणे सांगतो. पण चोर फलाटाच्या उतारावरून खाली उतरताना धरला गेला तर पंचनामा कुणी करायचा, यावर एक स्वतंत्र मालिका होईल.

भाचा हिरमुसला. मग मी त्याला खरोखरच चांगल्या पाठलागाची गोष्ट सांगितली. 1971 साली विल्यम फ्रीडकिनचा 'द फ्रेंच कनेक्शन' आला. त्यातली पुलाखालून धावणारी मोटार सगळ्यांना आठवते. मला विचाराल तर त्याहून सरस आहे तो न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या फलाटावरचा प्रसंग. अंमली पदार्थांचा सूटबूटवाला व्यापारी पुढे, पोलिस मागे. व्यापारी डब्यात चढतो, पोलिस चढतो. हा उतरतो, तो उतरतो. पोलिस उगाच काहीतरी विकत घेतो, आपलं लक्षच नाही असं दाखवतो. कुणी धावत नाही, कारण धावलं की ओळख पटली. दोघांनाही साध्या उतारूसारखं वागणं भाग आहे. शेवटी व्यापारी छत्रीने मिटता दरवाजा अडवून आत शिरतो, पोलिस बाहेर राहतो आणि सुटलेल्या गाडीतून तो गृहस्थ चक्क हात हलवून निरोप घेतो. एकाही हमालाला धक्का लागलेला नाही!

इथे खरा सूत्रधार गाडी आहे. फलाटावर एकच गोष्ट अशी असते की जिच्यापुढे चोराचं चालत नाही आणि पोलिसाचंही नाही, ती म्हणजे गाडीची वेळ. फलाट ही वाट बघायची जागा आहे. आपल्याकडे हे कळलं होतं. 'शोले'ची (1975) सुरुवात आठवा. आडगावचं स्टेशन, गाडी येते, खाकी कपड्यांतला एक अधिकारी उतरतो, न्यायला एकच माणूस आलेला. बस. घोडी बाहेर. पुढे त्याच सिनेमात गाडीवर केवढी धुमश्चक्री आहे, पण मला आवडतो तो हा रिकामा फलाट.

आणि 2005 सालचा निशिकांत कामतांचा 'डोंबिवली फास्ट'. त्यातला माधव आपटे रोज लोकल पकडतो, रोज लोकलने परत येतो, आणि ज्या दिवशी त्याचा तोल जातो त्या दिवसापासून पोलिस त्याच्या मागावर असतात. पाठलाग संपतो तो लोकलमध्येच. दुसरीकडे कुठे संपला असता तर मी पैसे परत मागितले असते. अनुराग कश्यपच्या 'ब्लॅक फ्रायडे'मध्ये झोपडपट्टीतून चाललेल्या पाठलागात पळणारा दमतो आणि पोलिस त्याच्याहून दमतात. धाप लागलेला पोलिस पाहून मला खात्याबद्दल प्रथमच आपुलकी वाटली.

खऱ्या आयुष्यातले पोलिस तर वाट बघण्यातच तरबेज. मधुकर झेंडे यांनी 1986 साली चार्ल्स शोभराजला गोव्यात पकडलं ते एका रेस्टॉरंटात टेबलाशी बसून! त्यात एकही टोपली उलटली नाही.

टोपलीचं मी उगाच ताणत नाही. पडद्यावर ती उलटली की मी चोराकडे बघायचं सोडून त्या म्हातारीकडे बघतो. पण कॅमेरा पुढे निघून गेलेला असतो. तिची संत्री कुणी गोळा केली? पैसे कुणी दिले? सरकारने की निर्मात्याने? मळवलीच्या आजीबाई पहाटे उठून काट्यांतून हात घालून करवंदं तोडून आल्या होत्या. करवंद घरंगळत नाही, चिरडतं, आणि फरशीवर जांभळा डाग ठेवतं. तिचा सबंध दिवस तुम्ही तीन सेकंदांत तुडवता आणि वर त्याला थरार म्हणता? ज्याला त्या बाईच्या दिवसाची किंमत नाही, त्याने चोराच्या आयुष्याची किंमत मला सांगू नये.

एवढं बोलून मी दहा रुपयांची करवंदं घेतली. भाच्याने खाता खाता तिथेच प्रसंग नव्याने रचला. चोर आणि हवालदार एकाच बाकावर, मध्ये आजीबाई, दोघांच्या हातात पानाचे द्रोण, आणि लोकल यायला चाळीस मिनिटं. मला तो फार आवडला.

निर्मात्यालाही आवडला म्हणे. फक्त ॲक्शन थोडी कमी पडते आहे. शिवाय शूटिंग डिसेंबरात, तेव्हा करवंदं मिळणार नाहीत. म्हणून त्याने चार पेट्या संत्री मागवली आहेत.