केळीवरील रोगांच्या सल्ल्यातील चित्र आणि शब्द

सावदा परिसरातील केळी उत्पादक रोगट पानाचे छायाचित्र भ्रमणध्वनीवरून पाठवून सल्ला मागतात. 'पानावर पिवळसर रेषा' हे शाब्दिक वर्णन करपा आणि हरण्या (कुकुंबर मोझॅक विषाणू) या दोहोंना लागू पडते; म्हणून चित्राची गरज निर्विवाद आहे. तथापि पानाचे केवळ निकटचित्र हाही अपुरा पुरावा होय. करपा खालच्या, जुन्या पानांवर ठळक दिसतो, तर हरण्या कोवळ्या पानांवर. नेमके हे स्थानच अशा चित्रातून गळते. करप्यात रोगट पाने काढून बुरशीनाशक फवारतात. हरण्या माव्यामार्फत पसरत असल्याने संपूर्ण झाडच उपटून नष्ट करावे लागते. सबब पान कितवे हे दर्शविणारी झाडाची साधी रेखाकृती आणि लागवडीचे वय यांविना दिलेला सल्ला शास्त्रीय ठरत नाही.