जहाजी लांकडाच्या स्मरणवस्तु व त्यांचें प्रामाण्य

ताम्रपट हातीं आला म्हणजे त्यांतील दान खरें मानण्यापूर्वीं तो पट अस्सल कीं बनावट हें आपण पाहतों. लिपि, भाषा व तिथिवार यांचा मेळ बसल्यावांचून त्यावरील राजाचें नांव आपण स्वीकारीत नाहीं. जुन्या लढाऊ जहाजांच्या लांकडापासून केलेल्या दौती, डब्या, छड्या जमविणाऱ्यांनीं मात्र ही शिस्त सोडलेली दिसते. पितळी पट्टीवर जहाजाचें नांव कोरलेलें असलें कीं वस्तु खरी, अशी त्यांची समजूत असते. ती किती धोक्याची आहे हें एका उदाहरणावरून दाखवितों.

इंग्रज सेनानी नेल्सन याचें निशाण कांहीं काळ मिरविणारें ‘फूद्रॉयंट’ हें जहाज १७९८ सालीं प्लिमथ येथें पाण्यांत उतरलें. १८९२ सालीं तें मोडीत निघालें व जर्मन व्यापाऱ्यांच्या हातीं गेलें. त्यावर लोकांत ओरड झाली, तेव्हां व्हीटली कॉब नांवाच्या गृहस्थानें तें सोडवून आणलें. परंतु जून १८९७ मध्यें ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळांत तें फुटलें, आणि त्याच्या ओक लांकडाच्या व तांब्याच्या असंख्य स्मरणवस्तु बाजारांत आल्या. कॉबनें त्याच्या जागीं दुसरें जहाज घेतलें व पुढें त्यास जुनेंच नांव दिलें. हें दुसरें जहाज म्हणजे ‘त्रिंकोमाली’. वाडिया घराण्यांतील जमशेटजी बोमनजी यांनीं मुंबईच्या गोदींत सागवानाचें बांधलेलें हें जहाज १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं पाण्यांत सुटलें. तें १९९२ पर्यंत ‘फूद्रॉयंट’ म्हणूनच वावरलें. आज मूळ नांवानें हार्टलपूल येथें आहे.

म्हणजे पट्टी एक, जहाजें दोन. दोन भास्कराचार्यांची गल्लत जशी केवळ नामसाम्यामुळें होते, तशीच ही. निर्णय लांकडानेंच द्यावयाचा. ओकांत रुंद, चकाकणाऱ्या रेषा दिसतात व लोखंडी खिळ्याभोंवतीं काळा-निळा डाग पडतो. सागवान हातास तेलकट लागतें व त्याचा वास निराळा असतो.

पडघ्यास एका स्नेह्यांनीं अशीच एक डबी मला दाखविली. पट्टीवर ‘फूद्रॉयंट’, लांकूड मात्र साग. नेल्सन हातचा गेला म्हणून ते हिरमुसले. मुंबईच्या सुतारांचें काम हातीं आलें म्हणून मला हर्ष झाला. पण तो हर्षही आवरणें भाग पडलें. साग आहे एवढ्यावरून ती डबी ‘त्रिंकोमाली’ची ठरत नाहीं, साग दुसऱ्या कोठलाही असूं शकेल. डबी कोणाकडून कोणाकडे आली याचा कागद स्नेह्यांजवळ नव्हता.

मुंबईंतच १८२१ सालीं पाण्यांत उतरलेलें ८४ तोफांचें ‘गँजिस’ १९३० च्या सुमारास इंग्लंडांत मोडलें. त्याच्याही सागाच्या वस्तु झाल्या. अशा पट्ट्या जहाजाचें नांव सांगतात, बांधणाऱ्याचें सहसा सांगत नाहींत. मुंबईच्या कारागिरांचें श्रेय त्यामुळें लोपतें. म्हणून हा विषय केवळ हौसेचा नव्हे.

आपल्या आरमाराविषयीं तर अधिकच जपलें पाहिजे. १६५७ सालीं कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या हातीं आल्यावर येथील खाडींत जहाजें बांधलीं गेलीं. पुढें तुळाजी आंग्रे यांचें आरमार फेब्रुवारी १७५६ मध्यें विजयदुर्गाखालीं जळून गेलें. जें जळालें त्याचा तुकडा कोणी विकावयास आणला, तर आधीं पुरावा मागावा. २०१४ मध्यें मुंबईच्या दारूखान्यांत मोडलेल्या ‘विक्रांत’चें पोलाद वितळवून मोटरसायकलींत वापरलें गेलें, वितळलेल्या धातूस साक्ष देतां येत नाहीं, लांकडास ती थोडीफार देतां येते.

यास्तव संग्राहकांस विनंति कीं, लांकडाची जात, हत्यारांच्या व खिळ्यांच्या खुणा, आणि हस्तांतराचे कागद हीं तीन पाहिल्यावांचून वस्तु नोंदवूं नये. लांकूड हा मूळ पाठ होय, पट्टी ही त्यावरील टीका. आणि टीकाकार चुकूं शकतो.