प्रदर्शनें, व्याख्यानें आणि लोकांचा वांटा

संग्रहालयांचीं कार्यक्रमपत्रकें आपण वाचीत नाहीं, नुसतीं चाळतों. अमुक दालनांत प्रदर्शन, तमुक दिवशीं व्याख्यान, बागेंत फेरी, एवढें पाहून कागद बाजूस पडतो. संस्थेचें खरें वैभव तिच्या संग्रहांत, आणि हे कार्यक्रम म्हणजे वरची सजावट, अशी आपली समजूत असते. अमेरिकेंत लॉस एंजलिसजवळ सान मरीनो येथें असलेल्या हंटिंग्टन संस्थेकडे पाहिलें म्हणजे ही समजूत सोडून द्यावी लागते.

रेल्वेच्या धंद्यांत अमाप पैसा मिळविलेल्या हेन्री हंटिंग्टन यांनीं १९१९ सालीं आपलें ग्रंथालय, चित्रसंग्रह व बाग हीं सारीं विश्वस्तांच्या स्वाधीन केलीं. गुटेनबर्गच्या बायबलची चर्मपत्रावर छापलेली प्रत आणि चॉसरच्या कँटरबरी-कथांचें एल्समीर हस्तलिखित यांसारखीं रत्नें तेथें आहेत. परंतु अभ्यासकांच्या वाचनदालनांत वाटेल त्यास प्रवेश नाहीं, आणि हस्तलिखितांच्या हिताच्या दृष्टीनें तें योग्यहि आहे. मग जो संशोधक नाहीं, त्याचा या धनांत वांटा कोणता? प्रदर्शन व व्याख्यान हाच तो वांटा.

ऑक्टेव्हिया बटलर या कृष्णवर्णीय लेखिकेचा जन्म शेजारच्याच पॅसाडीना गांवचा. त्यांची आई लोकांच्या घरीं मोलकरीण होती. २००६ सालीं बटलर निवर्तल्या व त्यांचे कागद या ग्रंथालयाकडे आले. २०१७ सालीं त्यांतील निवडक खर्डे व टिपणवह्या लोकांपुढें मांडण्यांत आल्या. पेटींत ते कागद केवळ अभ्यासकांचे होते. कांचेखालीं येतांच ते त्या गांवच्या लेकीबाळींचेहि झाले.

चित्रदालनांत गेन्सबरोचें सुप्रसिद्ध 'ब्ल्यू बॉय' आहे. २०१८-१९ मध्यें त्याची दुरुस्ती बंद खोलींत न करतां बऱ्याच अंशीं दालनांतच, प्रेक्षकांच्या देखत करण्यांत आली. शस्त्रवैद्य वापरतात तसल्या सूक्ष्मदर्शकांतून तज्ज्ञ एकेक तसू न्याहाळीत होते. या निळ्या पोषाखाच्या मुलाखालीं दुसऱ्याच एका पुरुषाचा अर्धवट चेहरा आहे, आणि रंगवून पुन्हां झांकून टाकलेला एक कुत्राहि आहे, हें क्ष-किरणांनीं पूर्वींच दाखविलें होतें. हा तमाशा झाला, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. चित्राची केवळ पूजा करणाऱ्यापेक्षां तें कसें घडलें व कसें जपलें जातें हें पाहणारा मनुष्य चित्राच्या अधिक जवळ जातो.

बागेचा न्याय निराळा. १९९९ सालीं तेथें टायटन ॲरमचें प्रचंड, दुर्गंधी फूल उमललें व पाहणाऱ्यांची रीघ लागली. जें फूल एकदोन दिवसांत मिटतें, त्याला पत्रकांतील तारीख बांधून घालतां येत नाहीं!

या साऱ्याचें फळ काय, याचें एक उदाहरण बोलकें आहे. केहिंडे वायली हे चित्रकार लॉस एंजलिसचे. लहानपणीं चित्रकलेच्या वर्गाच्या निमित्तानें ते या दालनांत येत. भिंतींवरच्या सरदार-उमरावांत त्यांच्या वर्णाचें कोणीच नव्हतें. २०२१ सालीं संस्थेनेंच त्यांच्याकडून एका कृष्णवर्णीय तरुणाचें भव्य चित्र करवून घेतलें व तें 'ब्ल्यू बॉय'समोर टांगलें. पाहुणा म्हणून आलेला मुलगा असा त्या घरचा झाला.

म्हणूनच एक तक्रार नोंदविणें भाग आहे. तेथील प्रवेशशुल्क साध्या कुटुंबास जड वाटावें असें आहे. महिन्यांतून एक दिवस विनामूल्य असतो खरा. पण त्याच्या प्रवेशिका आधीं मिळवाव्या लागतात. दाराशींच अडलेल्या मुलांत पुढचा चित्रकार कोण होता, हें कोणत्याहि अहवालांत सांपडणार नाहीं. संग्रह जपणें हें धनिकाचें काम झालें. तो वांटणें हें संस्थेचें काम होय. यापुढें असें पत्रक हातीं आलें, तर त्यांतील विषयांइतकेंच बारकाईनें हेंहि वाचावें कीं, तें कोणासाठीं लिहिलें आहे.