भीमथडीची चाल

पनवेल–रोहा मार्गावर पेण सुटलं की कासू येतं. दिवाळी सरते, भात कापून खाचरं मोकळी होतात आणि घाटावरचे धनगर सह्याद्री उतरून या पट्ट्यात येतात. शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतो. त्याला लेंडीखत मिळतं, धनगराला चारा आणि धान्य. इथल्या लोकांना हे दृश्य सवयीचं आहे. मेंढरांमागून येणाऱ्या घोडीकडे मात्र सहसा कोणी थांबून पाहत नाही. ती भीमथडी. तिची चाल सावकाश, मन लावून पाहावी अशी आहे.

आधी तिच्या पाठीवर काय आहे ते पाहा. घडी घातलेल्या वाकळा, दोन्ही अंगांना गोण्या, वर हंडे-पातेली. एका गोणीतून नुकत्याच जन्मलेल्या कोकराची मान बाहेर आलेली. पाय बांधलेली कोंबडी. कधी या सगळ्यावर एखादं लहान पोर. म्होरकीची दोरी पुढे चालणाऱ्या बाईच्या हातात सैल लोंबते. पाठीवरच्या कुणालाच लगाम धरता येत नाही, तोल सांभाळता येत नाही. सांभाळायचं ते सगळं घोडीने.

आता पाय पाहा. मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा: चार मात्रांचं हे आवर्तन कुठेही तुटत नाही. दोन पाय तरी कायम जमिनीवर असतात, त्यामुळे धड हवेत उचललं जाऊन आदळत नाही. ओलसर बांधावर मागचा खूर पुढच्या खुराने सोडलेल्या ठशाशी येऊन टेकतो. मान पावलागणिक थोडी खाली-वर होते, पाठ किंचित डुलते आणि हिसका तिथेच जिरतो. दुडकीत तिरपे पाय जोडीने पडतात आणि दोन पावलांमध्ये घोडा क्षणभर अधांतरी असतो. स्वाराची कंबर दुखते ती त्याच क्षणामुळे. अमरकोशाने घोड्याच्या पाच गतींना ‘धारा’ म्हटलं आहे. या घोडीची चाल पाहिली की तो शब्द किती नेमका आहे ते कळतं.

चालीचे खरे शौकीन भेटतात ते तापीकाठी सारंगखेड्याला, दत्तजयंतीच्या घोडेबाजारात. तिथे मान असतो रेवाल चालीला. जुन्या मराठीतलं ‘रहवाल’ ते हेच. फारसीत राहवार म्हणजे सुखाने वाट चालणारा घोडा. एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ जोडीने पुढे येतात, वेग दुडकीचा असतो, पण स्वार खोगिरावरून उसळत नाही. हातातल्या भरल्या पेल्यातलं पाणी सांडू नये, ही तिची कसोटी. आइसलँडमध्येही तिथल्या घोड्यांच्या ‘टोल्ट’ चालीची परीक्षा हातात भरलेला पेला धरूनच घेतात. अशा चालींमागे एका जनुकातला बदल असल्याचं 2012 साली संशोधकांनी दाखवून दिलं. चाल रक्तात असते, हे जाणत्यांना त्याआधीही ठाऊक होतं.

पण रक्तातल्या चालीला स्वभावाची जोड लागते. बिथरलेला घोडा मान वर फेकतो, पाठ ताठ करतो, पाऊल आखडतो. मग जातिवंत रेवालही खडबडीत होते. म्हणून गुळगुळीत चाल आणि शांत स्वभाव हे मला दोन गुण वाटत नाहीत. निवांत मनच पाठीतून डुलताना दिसतं. धनगराच्या वाड्यात ही निवड आपसूक होते. लाथ झाडणारी, उधळणारी घोडी पोरांच्या बिऱ्हाडात टिकत नाही, मग तिचा वंशही टिकत नाही. अकरा महिन्यांनी जन्मलेलं शिंगरू मोकळंच आईच्या अंगाला लागून चालतं. कुत्री, कोकरं, पोरं, महामार्गावरचे ट्रक, सगळं ते तिच्या सावलीत पाहून घेतं. आई दचकत नाही, म्हणून तेही दचकायचं विसरतं. याहून चांगली शाळा मला माहीत नाही.

भीमेच्या थडीवरच्या याच घोड्यांवर मराठ्यांनी लांबलांबच्या मजला मारल्या. राजा बढे यांच्या गीतामुळे भीमथडीचं नाव घरोघरी गेलं आणि 2023 मध्ये ते गीत महाराष्ट्राचं राज्यगीत झालं. करनालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनेही भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. हे योग्यच झालं. मात्र पैदास करणाऱ्यांनी उंची, रंग आणि दिमाख यांच्या मागे लागून हा स्वभाव गमावू नये. घोडी निवडताना तिच्यावर आधी पोर बसवून पाहावं.

या हिवाळ्यात कासूच्या रस्त्यावर असं बिऱ्हाड दिसलं तर गाडी हळू करा, हॉर्न वाजवू नका. काच खाली घ्या आणि गोणीतून डोकावणाऱ्या त्या कोकराकडे पाहा. ते झोपलेलं असेल.